नदीला करवती काठ

सावरघाट, ता. तुमसर
२ फेब्रुवारी २०२५

आमचे इवाई मोतीलालजी यायले जागेश्वरचा रामराम.

फोन सोडून पत्र कायले, असं तुमाले वाटन. कारन असं हाय का, माझे दोन्ही कान गेले. संक्रांतीले तुमी फोन करून म्हनलं, "पोरीले पाठवा." मले आयकू आलं, "बोरी पाठवा." मी म्हनलं, पोराच्या लग्नाले दोन वर्सं झाले, इवायानं पयल्यांदा काही मांगतलं, नाही कसं म्हनाव? म्हनून पवनीच्या बसमंधी तांदळाची बोरी टाकली. मांगून सूनबाई रुचिका म्हने, "मामाजी, बाबांनी मला बोलावलं होतं." तवा ठरवलं, आता तुमच्यासंगं कागदावरच बोलाव.

काम असं हाय. आमची खालची बांधी, म्हंजे तुमच्या शहरी भाषेत धानाचं वावर, बावनथडीच्या काठाले हाय. तीन वर्सांत नदीनं अर्धी खाल्ली. मांगच्या पोळ्याले जिथं उभं राहून बैल धुतले, ते जागा दुसऱ्या दिवशी नव्हती. आमी सगळ्यायनं दगडाची भिंत मांगतली. तं एक इंजिनिअर मॅडम आली, गुंजन मॅडम. ते म्हने, भिंत नाही, जाळी. नारळाच्या काथ्याची, गादीसारखी गुंडाळलेली. काठाले उतार द्याचा, जाळी आंथराची, आंबागडकडच्या बांबूच्या खुट्या ठोकाच्या, आनि पानी लागलं का जाळीच्या भोकाभोकात वाळा लावाचा. तोच वाळा, उन्हाळ्यात कूलरमंधी लावतो तो.

मी इचारलं, काथ्या सडत नाही का? म्हने, "सडतो ना. चार वर्षांत सडतो. तोवर वाळ्याची मुळं खोल जातात आणि माती धरतात. मग जाळीचं काम संपलं." जे सडनार ते लावाचं कायले, हे मले समजलं नाही. जाळी तं आंथरून झाली. तुमी सुताचे मानूस, वीतभर तुकडा संगं पाठवतो. पाहून सांगा, नदीपुढं टिकन का?

रुचिका बरी हाय. तुमी लग्नाले नाही आले, निदान एकदा घर पाहाले या.

तुमचा, बहिरा पन बाकी धडधाकट,
जागेश्वर


पवनी
१४ फेब्रुवारी २०२५

श्री. जागेश्वरजी यांना मोतीलालचा सप्रेम नमस्कार.

पत्र आणि तुकडा मिळाला. तांदूळ उत्तम निघाला, त्याबद्दल आभारी आहे. रुचिका चार दिवस राहून गेली, हे आपण जाणताच.

तुकड्याविषयी. सूत चांगलं आहे. वीण यंत्राची आहे, तीही वाईट नाही. पण याला काठ नाही. साडी असो, धोतर असो की नदीवरची जाळी, दोन्ही कडांना घट्ट किनार नसेल तर एक धागा सुटला की दुसरा त्याच्या मागे निघतो आणि सगळं कापड उसवतं. एवढी साधी गोष्ट त्या कारखानदारांना का सुचली नाही, हे आश्चर्य आहे.

शिवाय, उघड्यावर पडलेली चांगली वीण लोकांच्या नजरेत भरते. लक्ष ठेवावं.

येण्याचं म्हणता, पण मागावर सध्या साड्यांच्या ऑर्डरी फार आहेत. मान वर करायला सवड नाही.

कळावे.
मोतीलाल


सावरघाट
३ एप्रिल २०२५

इवाई मोतीलालजी यायले रामराम.

तुमचं पत्र मिळून दीड महिना झाला. उत्तर नाही लिवलं, कारन लिवन्यासारखं काही झालं नाही.

जाळी चांगली हाय. म्हंजे जेवढी हाय तेवढी चांगली हाय. साडेतीनशे फूट आंथरली होती, आता थोडी कमी दिसते. वारा लय सुटला होता. गाईढोरं बी येतात नदीवर. मॅडमले अजून सांगतलं नाही, ते कामात राहते.

घरी सगळे मजेत. तुमची इहीन धुरपता मोहफुलायच्या मांगं लागली हाय. यंदा मोहफुलं लय साफ वाळून राहिले, एक खडा नाही, माती नाही.

जास्त काही नाही.
जागेश्वर


पवनी
१२ एप्रिल २०२५

श्री. जागेश्वरजी यांना नमस्कार.

रुचिकाचा काल फोन आला. आपल्याकडे जो वारा सुटला, तो मोठा शिस्तीचा दिसतो. त्याने चाळीस फूट जाळी खुशालच्या बकऱ्यांच्या गोठ्याला नीट बांधून दिली. कुंताबाईंच्या काकडीच्या वेलांना मांडव केला. शाळेच्या मैदानावर दोन खांबांना व्हॉलीबॉलची नेट म्हणून ताणली, आणि सरपंचांच्या दारात पायपुसणं कापून त्यावर 'सुस्वागतम्' असं रंगवूनही टाकलं. सौ. धुरपताबाई ज्या जाळीवर मोहफुलं वाळवतात, तिची लांबी रुचिकाने पावलांनी मोजली. बावीस पावलं भरली.

खरं सांगू? मला राग आला नाही. पन्नास वर्षं या धंद्यात आहे. विणकराचं कापड लोक उधार नेतात, घासाघीस करून नेतात, नाकं मुरडून परत आणतात. पण सबंध गावाने एखादी वीण चोरावी, असं मी कधी ऐकलं नव्हतं.

आता माझं म्हणणं असं. दुसरी जाळी मी विणून देतो. माझ्या मागावर चार फुटांचा पन्हा निघतो, तेवढ्या रुंदीचे लांब पट्टे विणून एकमेकांना शिवले की झाली जाळी. काथ्याची दोरी तेवढी मॅडमनी द्यावी. ऑर्डरींतून कसाबसा वेळ काढीन.

हे मी नदीसाठी करतो आहे. गैरसमज नसावा.

मोतीलाल


सावरघाट
२४ एप्रिल २०२५

इवाई मोतीलालजी यायले रामराम.

आता लपवन्यात अर्थ नाही. तुमचं पत्र मी धुरपतेले वाचून दाखवलं. ते म्हने, "जाळी तिथं उगाच पडून होती. पानी याले दोन महिने बाकी होते. जून लागला का मी परत आंथरून देनार होती." सगळं गाव हेच म्हनून राहिलं. खुशाल तं म्हने, बकऱ्या सवयीच्या झाल्या, आता काढली तं दूध कमी होईन.

मॅडम आली तवा मी तिले काठावर नेलं. मले वाटलं ओरडन. ते ओरडली नाही. बांधावर बसली, पानी पेली, आनि म्हने, "काका, दुसरी जाळी मंजूर होणार नाही. पावसाळ्यात काठ उघडा राहिला तर तुमची बांधी जाईल, आणि बांधी गेली की मागचा रस्ता जाईल." त्या रस्त्यानं गावातले सगळे नांगर जातात, ट्रॅक्टर जाते, मयत जाते.

मी तुमचं सांगतलं. ते उठून उभीच राहिली. दोरी पुढच्या आठवड्यात पवनीले येते.

आनखी एक. रुचिका जशी इकडची खबर तिकडं देते, तशी तिकडची इकडं देते. तुमचा माग दीड वर्स झालं बंद हाय, हे मले ठाऊक हाय. ऑर्डरी नाहीत, हे बी ठाऊक हाय. मी तुमाले काही म्हनलं नाही, आनि आता बी म्हनत नाही. तुमी मोहफुलायचं लिवलं नसतं, तं मी बी हे लिवलं नसतं.

जागेश्वर


पवनी
२५ मे २०२५

श्री. जागेश्वरजी यांना नमस्कार.

पोरगी आपल्या दोघांच्याही घरची बातमीदार आहे, हे मी ध्यानात घ्यायला हवं होतं. होय, माग बंद होता. मी बाजारातल्या एका कापडदुकानात साड्यांच्या घड्या घालायला बसतो. यंत्रावरच्या साड्या. गिऱ्हाइकाने दहा उलगडल्या की मी दहा मिटतो. आता आपल्याला कळलंच आहे, तर लिहून टाकलं.

जाळी तयार आहे. मागाच्या खड्ड्यात पाय टाकला तर आत मांजरीची तीन पिल्लं. त्यांची व्यवस्था लावण्यात पहिला दिवस गेला. मग मागाच्या फणीचे चार-चार दात उपटून एकेक ठेवला, कारण काथ्याची दोरी दोन दातांतून जाईना. धोट्यात ती मावेना, म्हणून आडवी दोरी हातानेच इकडून तिकडे ओवली. हातांची सालं निघाली. आमची सौ. शोभा म्हणते, घराला साडीचा नाही, रिकाम्या गोण्यांचा वास येतो. पण ठोकणीचा आवाज ऐकून गल्लीतले चार म्हातारे विणकर रोज येऊन बसत. काम कोणी केलं नाही, चुका सगळ्यांनी काढल्या.

एक गोष्ट मात्र मॅडमना आधी सांगून ठेवा. त्यांनी नुसती घट्ट किनार मागितली होती. पण काठाजवळ आलो की माझा हात साडीवरच्या दातेरी करवतीकडेच वळतो. घरात उरलेल्या रंगात दोरी बुडवून दोन्ही अंगांना लाल करवती काठ पडला आहे. दोन पट्टे झाल्यावर माझ्या लक्षात आलं. मग उरलेले तसेच केले, नाहीतर जोड विजोड दिसला असता. काथ्या जाड, त्यामुळे करवतीचे दात बैलाच्या दाताएवढे आले आहेत. मजबुतीत कमी नाही. रंगाकडे दुर्लक्ष करावं ही विनंती.

दोरी पुरली तेवढीच, म्हणजे तीनशे फूट झाली. खालच्या टोकाचा पन्नास फूट काठ उघडा राहील. शेजारच्या अंकुशच्या टेम्पोने पाठवत आहे.

मोतीलाल


सावरघाट
१५ जून २०२५

इवाई मोतीलालजी यायले रामराम.

तुमी लिवलं रंगाकडे दुर्लक्ष करा. आता आयका काय झालं ते.

टेम्पो काठावर आला, आमी जाळी उलगडली. कुंताबाई काकड्या तोडून परत येत होती. तिनं लाल काठ पायला आनि डोक्यावरचं टोपलं खाली ठेवलं. म्हने, "अगं बाई, नदीले लुगडं आलं." पोरीच्या माहेरचं लुगडं हाय, असं कोनीतरी जोडून देलं. तासाभरात सगळ्या बाया हळदकुंकू घेऊन काठावर. धुरपता सगळ्यायच्या पुढं. तुमी तिचे इवाई, म्हनून मान तिचा.

मॅडम आली तवा जाळी आंथरून झाली होती, वर तांदूळ, हळद, पाच नारळ. मॅडमनं बांबूच्या खुट्या काढल्या. कुंताबाई आडवी झाली. म्हने, "नेसवलेल्या लुगड्यात खुट्या ठोकता काय जी? आमाले पाप लागन." मॅडमनं माझ्याकडं पायलं, मी नदीकडं पायलं. अर्धा तास कोनीच हललं नाही. वर ढग भरून आले होते.

मंग तुमच्या पोरीनं तोंड उघडलं. ते म्हने, "मावशी, लुगडं नेसलं का खोचावं लागते ना? नाही खोचलं तर चालताना सुटन. नदी तर रोज चालते." कुंताबाईनं इचार केला. म्हने, खोचाले हरकत नाही. पयली खुटी तिनंच ठोकली. दिवस मावळायच्या आत चारशे खुट्या आत. आमचा पोरगा सचिन आनि मी तं नुसते खुट्या द्याले.

आता गंमत अशी, का त्या जाळीले कोनी हात लावत नाही. खुशालनं गोठ्यावरची जुनी जाळी सोडून आनून देली. शाळेनं नेट देली. सरपंचाचं पायपुसनं बी आलं, 'सुस्वागतम्' सगट. हे तुकडे उघड्या काठाच्या कामाचे नव्हते, ते आमी वाळ्याच्या रोपायच्या बुडाशी आंथरले. मॅडमनं वहीत काहीतरी लिवलं, पन हळदकुंकवाचं लिवलं नसन.

नदीनं आता इज्जत राखली म्हंजे झालं.

जागेश्वर


सावरघाट
३० ऑगस्ट २०२५

इवाई मोतीलालजी यायले रामराम.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवसापासून तीन दिवस नदी चढली. मातीसारखं पानी, वर अख्खं झाड वाहत जाय. जाळी पान्याखाली गेली तवा धुरपता काठावर उभी होती, मी तिले ओढून आनलं. चौथ्या दिवशी पानी उतरलं. तीनशे फूट जशाचे तशे. वाळा आडवा झाला होता, दोन दिवसांत उभा राहिला. खालचा पन्नास फूट उघडा काठ मात्र गेला, त्यावरच्या माझ्या तुरी बी गेल्या. मॅडम आली, दोन्हीकडचे फोटो काढले. जिथं जाळी होती आनि जिथं नव्हती, त्याच्या मधात असं दिसते का कोनी कोयत्यानं कापलं. बांधी वाचली. रस्ता वाचला.

काल एक अडचन झाली. दुपारी एक म्हातारा काठावर दिसला. तोंडाले दुपट्टा गुंडाळलेला, हातात पिशवी. गुडघ्यावर बसून जाळीचा काठ बोटानं उचलून पाहून राहिला होता. मले वाटलं दुसऱ्या गावचा चोर, आपल्या गावचे तं आता सुधरले. मी काठी घेऊन गेलो. तो काही बोलला, मले आयकू नाही आलं. मी त्याले सांगतलं, हे जाळी माझ्या इवायानं विनली हाय, हात लावू नको. तुमची लय तारीफ केली. मंग तो गेला.

तुमी या आता. ऑर्डरीचं कारन तं संपलं.

जागेश्वर


पवनी
५ सप्टेंबर २०२५

श्री. जागेश्वरजी,

तो चोर मी होतो.

पुराची बातमी कळली आणि दुकानात जीव लागेना. शोभाला सांगितलं की भंडाऱ्याला जातो, आणि तुमसरची बस धरली. म्हटलं जाळी पाहावी आणि परत यावं. दुपट्टा उन्हासाठी बांधला होता, असं मी स्वतःला सांगत होतो. आपण कधी भेटलो नाही, त्यामुळे आपण मला ओळखण्याचा प्रश्न नव्हता. मी आपल्याला ओळखलं. मी तीनदा "नमस्कार" म्हणालो आणि आपण तिन्ही वेळा म्हणालात, "इथं मासे नाहीत."

आपण माझी तारीफ केली, असं लिहिता. मला ती पाठ आहे. आपण म्हणालात, "माझा इवाई लय अकडू मानूस हाय. पोरीनं मनानं लग्न केलं म्हनून दोन वर्सं तिच्या दारात पाय नाही ठेवला. कागदावर असा बोलते जसा कलेक्टर. पन काठ असा विनते का नदी बी दहा वेळा इचार करते." मी म्हणालो, "खरं आहे." आपण म्हणालात, "बरं, जाय मंग."

मी लगेच गेलो नाही. वरच्या बाभळीखाली थांबलो. खाली रुचिका वाळ्याची नवी रोपं लावत होती, सचिन तिला वरून जुड्या देत होता. दोघंही गुडघाभर चिखलात, आणि कशावर तरी हसत होती. एका जागी पुराने जाळीचा धागा ओढला गेला होता. तिने रोप खाली ठेवलं, धाग्याची दोन टोकं धरली आणि गाठ मारली. आमची गाठ, विणकराची, जी नुसतं ओढून सुटत नाही. मी ती तिला कधी शिकवली नाही. मागाजवळ बसून ती गृहपाठ करायची, तेव्हा पाहिली असेल. आणि मी दोन वर्षं लोकांना सांगत होतो की शेतकऱ्याच्या घरी गेली, आता आमच्या घराण्याचा हात तिच्यात उरला नाही.

मी हाक मारायला दुपट्टा खाली केला, आणि परत वर बांधला. दोन वर्षं आलो नाही, आता कोणत्या तोंडानं जाऊ, असं वाटलं. साडेतीनच्या बसनं परत आलो. पिशवीत तिच्यासाठी शोभाच्या नकळत घेतलेले चिवड्याचे पुडे होते. ते कंडक्टरला दिले.

तुमचं बोलणं मले लागलं नाही. लागायला पाहिजे होतं, तेवढंच लागलं.

मोतीलाल


सावरघाट
११ सप्टेंबर २०२५

इवाई मोतीलालजी यायले जागेश्वरचा रामराम.

तुमचं पत्र आलं तवा माझा चष्मा दुरुस्तीले गेला होता. म्हनून मी रुचिकाले म्हनलं, वाच. मले आयकू यावं म्हनून ते मोठ्यानं वाचते, त्यामुळं आमचं पत्र आता सगळी गल्ली आयकते. कलेक्टरपाशी आली तवा कुंताबाई कुंपनावरून हसून राहिली होती. मले लाज वाटली, पन मी काय करू, बोललो ते बोललो.

मंग ते बाभळीपाशी आली आनि थांबली. मी म्हनलं, मोठ्यानं वाच, मले आयकू नाही येऊन राहिलं. ते म्हने, "मामाजी, इथं काही लिहिलंच नाही." कागद घेऊन आत गेली. तिच्यामांगं सचिन गेला, त्याच्यामांगं धुरपता गेली. मी वसरीत एकटाच. चष्मा आला तवा मी मनात वाचलं. तिनं नाही वाचलं ते बरंच केलं, गल्लीचं काय काम त्यात.

आता कामाचं. खालच्या उघड्या काठासाठी मॅडमले जाळी पायजे, आनि पलीकडच्या गावानं बी चारशे फुटाची मांगनी देली. त्यायच्या बाया म्हनतात, लालच काठ पायजे, नाहीतं नको. मॅडमनं मले इचारलं, माप कोन घेईन? पुरानं काठ वाकडातिकडा झाला, कुठं उतार, कुठं खड्डा. मी सांगतलं, माप विनकरानंच घ्याव लागन, आमच्या पावलायचं काम नाही. म्हंजे तुमाले सरकारी कामानं या लागते. मुक्काम किती दिवस, ते माप किती निघते त्यावर. धुरपता म्हने, निदान आठ दिवसाचं तरी निघन. शोभाताईले बी आना, त्यायले वास येनार नाही, इथं फक्त धानाचा येते.

हे पत्र मी डाकेत नाही टाकलं. रुचिकाच्या हातात देलं हाय. ते तुमाले घ्याले आली हाय, आनि आता तुमच्यासमोर उभी असन. "मी काहीच बोलणार नाही, नुसतं पत्र देईन," असं ते घरून ठरवून निघाली. तिले ते जमनार नाही. म्हनून हे वाचून झालं का कागद बाजूले ठेवा, आनि तुमीच आधी बोला.

जागेश्वर